पवई नव्हे, पाउवे : घोड्यांच्या गावात राहायला येणाऱ्यांसाठी

घर घेतोय हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पवईला? मग अमेरिकेला गेलास कशाला!" पाउवे आणि पवई, उच्चारात खरंच फारसा फरक नाही. दोन्हीकडे तलाव आहे आणि दोन्ही तलाव माणसांनी बांधलेले आहेत. पवईचा १८९१ सालचा, आमचा 'लेक पाउवे' १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. पण आमच्या तलावाचं पाणी आम्ही पितो. गावाचं नाव इथल्या मूळच्या कुमेयाय लोकांच्या 'पाउवाई' या वस्तीवरून आलंय.

पाउवे हे कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहराच्या मध्यापासून ईशान्येला साधारण पस्तीस किलोमीटरवरचं छोटं शहर. वस्ती ४९ हजारांच्या आसपास, क्षेत्रफळ ३९ चौरस मैल, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास जमीन मोकळी राखलेली. १ डिसेंबर १९८० रोजी ते स्वतंत्र शहर झालं. स्वतःला ते 'द सिटी इन द कंट्री' म्हणवतं, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. सिग्नलला तुमच्या गाडीशेजारी घोड्याचा ट्रेलर उभा असतो, आणि तिथून दहा मिनिटांवर किराणा, दवाखाना, कॉफी सगळं मिळतं.

आयटी आणि बायोटेकमधली बरीच मराठी मंडळी शाळांसाठी या भागात येतात. त्यातली काही थोडी जमीन, दोन आंब्याची झाडं आणि जमलं तर एखादा घोडा, असं स्वप्न घेऊन पूर्वेकडच्या डोंगरांकडे सरकतात. आम्हीही तसेच सरकलो. आम्ही घरं पाहताना आधी देखावा पाहिला आणि बाकीच्या गोष्टी मागाहून. तुम्ही हा क्रम उलटा करा. खाली तोच उलटा क्रम दिला आहे.

१. आधी ठरवा : शाळा हवी आहे की जमीन?

'पाउवे युनिफाइड' हा शाळांचा जिल्हा (म्हणजे सरकारी शाळा चालवणारं, स्वतःची हद्द असलेलं मंडळ) आणि पाउवे हे शहर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रँचो बर्नार्डो, रँचो पेनास्कितोस, सेबर स्प्रिंग्ज, फोर एस रँच हे सगळे भाग याच शाळा जिल्ह्यात येतात, पण शहर म्हणून पाउवेत येत नाहीत. मुलांची शाळा एवढंच कारण असेल तर तिकडचं छोटं अंगण असलेलं घर घ्या, फ्रीवेही जवळ पडेल. पाउवेत यायचं ते जमिनीसाठी.

उलटही घडतं. पत्त्यात पाउवे लिहिलंय म्हणून घर शहराच्या हद्दीत असेलच असं नाही. हद्दीबाहेर काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा प्रशासनासारख्या यंत्रणेचे, नियम लागतात. शहराच्या संकेतस्थळावरच्या नकाशात पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी नोंद क्रमांक) टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

कराचं थोडक्यात. मालमत्ता कराचा मूळ दर राज्यभर एक टक्का, वर स्थानिक रोख्यांची भर. फोर एस रँचसारख्या नव्या वसाहतींत रस्ते, शाळा अशा सोयींच्या खर्चापोटी 'मेलो-रूस' नावाचा जादा कर असतो, तो जुन्या पाउवेत सहसा नसतो. या शाळा जिल्ह्याने २०११ मध्ये सुमारे १० कोटी ५० लाख डॉलरचे रोखे काढले. त्यांची परतफेड २०३३ पासून सुरू होऊन २०५१ पर्यंत चालणार आहे, आणि एकूण आकडा जवळजवळ ९८ कोटींवर जातो. हप्ते तेव्हाच्या घरमालकांकडूनच वसूल होणार. घर दीर्घकाळ ठेवायचं असेल तर हे माहीत असलेलं बरं.

२. एक ऑक्टोबर महिना भाड्याच्या घरात काढा

एप्रिलमध्ये पाउवे पाहून घर घेऊ नका. पाऊस नोव्हेंबर ते मार्चमधला, त्यामुळे एप्रिलमध्ये डोंगर हिरवे, रानफुलं, गार वारा, आणि माणूस वेडा होतो. जूनपासून तेच डोंगर वाळलेल्या गवताच्या रंगाचे होतात, ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांपर्यंत जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरला वाळवंटाकडून 'सांता आना' वारे सुटतात. गरम, कोरडे आणि उलट्या दिशेने वाहणारे, जमिनीकडून समुद्राकडे. ते वारे सुटले की ओठ फुटतात, घोडे बिथरतात आणि शेजारी आपापल्या गाडीत पेट्रोल आहे की नाही हे बघून येतात. तो एक महिना इथे काढून मगच बयाणा द्या.

याच काळात रोजच्या प्रवासाचाही अंदाज येतो. आंतरराज्य १५ हा फ्रीवे शहराच्या पश्चिमेकडून जातो. पूर्वेच्या डोंगरातल्या घरातून तिथपर्यंत पोचायलाच सकाळी वीस-पंचवीस मिनिटं मोडतात. रेल्वे नाही, बस नावापुरती. दुसऱ्या बाजूला हायवे ६७ रामोना गावाकडे जातो. वळणांचा रस्ता आहे, रात्री सांभाळून.

३. 'हॉर्स प्रॉपर्टी' या शब्दावर विसंबू नका

जाहिरातीत हा शब्द सढळ हाताने वापरतात. त्याचा अर्थ कधी 'सहा खणांचा तबेला, रिंगण, ट्रेलर वळवायला जागा' असा असतो, तर कधी 'मागे उतार आहे, तिथे कधीकाळी कुणीतरी घोडा बांधला होता' एवढाच.

शहराच्या झोनिंगमध्ये (कुठे काय आणि किती बांधायचं याच्या विभागणीत) आरआर-ए, आरआर-बी, आरआर-सी असे ग्रामीण निवासी विभाग आहेत, आणि आरएस या अक्षरांनी सुरू होणारे दाट वस्तीचे. ग्रामीण विभागात किमान किती एकर लागतील हे जमिनीच्या उतारावर ठरतं. उतार जसा जास्त तसा प्लॉट मोठा हवा. म्हणजे 'दहा एकर आहे, पुढे दोन तुकडे करू' हा आपला देशी हिशेब इथे बहुधा बसत नाही. १९८८ मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन एफएफ' हा मतदानाला टाकलेला प्रस्ताव मंजूर केला. तेव्हापासून ग्रामीण आणि मोकळ्या जमिनीवर जास्त घरं बांधायची परवानगी नगरपालिका परस्पर देऊ शकत नाही, गावाचं मत घ्यावं लागतं. बंद पडलेल्या स्टोनरिज गोल्फ मैदानावर घरं बांधायचा प्रस्ताव २०१७ मध्ये मतदारांनी फेटाळला, आणि २०२० मध्ये वेगळा आराखडा आला तेव्हा मान्य केला. या दोन निवडणुकांत शेजारीशेजारी एकमेकांशी बोलेनासे झाल्याचं मी पाहिलंय. मोकळ्या जमिनीवर इथे लोक पक्षाच्या वर जाऊन भांडतात.

तर, पार्सल नंबर घेऊन शहराच्या नियोजन विभागाच्या खिडकीवर जा. खिडकीवरची माणसं सहसा नीट समजावून सांगतात. चार प्रश्न विचारा. या प्लॉटवर किती घोडे चालतील? तबेला शेजारच्या घरापासून किती लांब हवा? जो तबेला उभा आहे त्याला परवाना होता का? आणि प्लॉटवरून 'ट्रेल ईझमेंट' जाते का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. इथे अनेक प्लॉटच्या कडेने सार्वजनिक वहिवाट असते. रविवारी सकाळी तुम्ही मागच्या दारी चहा घेत बसलात की कुंपणावरून एक टोपी सरकत जाते, मग घोड्याचे कान दिसतात. टोपीवाला "मॉर्निंग" म्हणतो, आपणही म्हणायचं. त्या वाटेवर कुंपण घातलंत किंवा बोगनवेल लावलीत तर काढावी लागेल.

४. पाणी, सांडपाणी आणि लीद

शहर कोलोरॅडो नदी आणि उत्तर कॅलिफोर्नियातून आलेलं कच्चं पाणी विकत घेतं, तलावात साठवतं आणि स्वतःच्या केंद्रात शुद्ध करतं. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीला मोठ्या पावसाचं पाणी शुद्ध पाण्याच्या साठ्यात शिरलं आणि जवळजवळ आठवडाभर अख्ख्या शहराला पाणी उकळून प्यावं लागलं. घरात चार दिवसांचं पाणी साठवलेलं असावं, आणि घोडा असेल तर त्याचंही धरा. एक घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

पूर्वेकडच्या काही घरांना बोअरवेल आणि सेप्टिक टाकी असते. बोअरची चाचणी काही तास पंप चालवून करून घ्या. पाच मिनिटं नळ सोडून काही कळत नाही. वीज गेली की पंपही बंद, हे लक्षात ठेवा. सेप्टिकचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या पट्ट्यावर घोड्याचं आवार करायचं नाही, गाडी उभी करायची नाही. खुरांनी जमीन दबते आणि पाणी मुरणं थांबतं. आमच्या घराच्या आधीच्या मालकांनी नेमकं तेच केलं होतं. पहिल्या पावसाळ्यात आवारात जे तळं साचलं त्याच्या वासाचं वर्णन इथे नको.

लीद हा विषय हसण्यावारी नेऊ नका. एक घोडा रोज वीस-बावीस किलो लीद-मूत्र टाकतो, वर अंथरुणाचा भुसा वेगळा. आठवड्याला दीड-दोनशे किलो. ती ओढ्याकडे जाता कामा नये. इथलं पाणी पेनास्कितोस ओढ्यातून थेट समुद्राकाठच्या खाजणात उतरतं, आणि त्याचे नियम कडक आहेत. उचलून नेणारे मिळतात. आम्ही थोडी कुजवून भाजीला घालतो. आमच्या दुधीभोपळ्याचं रहस्य तेवढंच.

५. आग

इथे जरा थांबून वाचा.

ऑक्टोबर २००३ मध्ये 'सीडर' नावाचा वणवा या काउंटीत पेटला. २ लाख ७३ हजार एकर जळालं, १५ माणसं गेली. त्यावेळी तो राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा होता. चार वर्षांनी, २१ ऑक्टोबर २००७ ला, 'विच क्रीक' वणवा पूर्वेकडून आला आणि पाउवेतली डझनावारी घरं घेऊन गेला. आमच्या गल्लीत अजून एका प्लॉटवर फक्त धुराडं उभं आहे.

म्हणून घर बघतानाच पुढची कामं करायची. पहिलं, विमा. मोठ्या कंपन्यांनी कॅलिफोर्नियात नवीन घरविमे द्यायचं कमी किंवा बंद केलंय, त्यामुळे 'घर घेऊ, विम्याचं बघू' हे वरातीमागून घोडं ठरतं. सौद्यातून माघार घ्यायची मुदत संपायच्या आत लेखी दर हातात हवा. कुणीच दिला नाही तर राज्याच्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मिळून चालवलेला 'फेअर प्लॅन' असतो, पण त्यात मुख्यतः आगीचंच संरक्षण मिळतं. चोरी, पाणीगळती, कुणी पडून जखमी झालं तर, यासाठी वर दुसरी पॉलिसी जोडावी लागते. दोन्ही मिळून येणारा आकडा ऐकून काही मंडळींनी घर सोडून दिलंय, आणि त्यात चूक काही नव्हतं.

दुसरं, घराभोवतीची जागा. घरापासून शंभर फुटांपर्यंत वाळलेलं गवत, झुडपं साफ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या पाच फुटांत तर काहीच पेटणारं नको. लाकडी कुंपण भिंतीला टेकलेलं नको, तुळशीशेजारी रचलेला पालापाचोळा नको, आणि गवताच्या गासड्या तर घरापासून लांबच. जुलै २०२१ पासून आगप्रवण भागात घर विकताना या सफाईच्या तपासणीचा कागद द्यावा लागतो. तो मागून घ्या. छपराच्या झरोक्यांना बारीक जाळी आहे का बघा. बहुतेक घरं ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडून आत शिरलेल्या ठिणगीने पेटतात.

तिसरं, निघण्याची तयारी. काउंटीच्या आपत्कालीन सूचनांसाठी मोबाइल नोंदवा, आपला इव्हॅक्युएशन झोन (घरं रिकामी करायचा हुकूम ज्या विभागवार निघतो तो विभाग) कोणता ते पाठ करा. घरातून बाहेर पडायला दोन रस्ते आहेत का ते घर घेण्याआधीच बघा. डोंगरातल्या कित्येक गल्ल्या एकतोंडी आहेत. जोराचे वारे असतील तर वीज कंपनी खबरदारी म्हणून स्वतःहून वीज तोडते. गॅरेजचं दार हाताने कसं उघडायचं हे घरातल्या सगळ्यांना यायला हवं, आजीआजोबांनाही.

आणि घोडा असेल तर चौथं. डिसेंबर २०१७ च्या 'लायलॅक' वणव्यात उत्तरेकडच्या एका शर्यतीच्या घोड्यांच्या केंद्रात ४६ घोडे मेले. २००७ च्या वणव्यात समुद्रकाठच्या डेल मार गावच्या जत्रामैदानात दोन हजारांहून जास्त घोडे नेऊन बांधले होते. तिथे पोचले ते घोडे ट्रेलरमध्ये चढायला शिकलेले होते. घोडं पेंड खातं ते इथे.

आमच्या घोडीचं नाव पेनी. वयस्कर, क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीची, स्वभावाने गरीब. सासरे पेणचे, त्यांनी तिला पहिल्याच भेटीत 'पेणकरीण' करून टाकलं. पहिल्यांदा तिला ट्रेलरमध्ये चढवायला गेलो तेव्हा दोन तास वीस मिनिटं लागली. ती पुढचे पाय फळीवर ठेवायची, फळी पोकळ वाजायची, की कान मागे आणि चारही पाय जमिनीवर. मी ओढलं, तिने मला ओढलं. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या काउबॉयने माझ्या हातातून दोर काढून घेतला आणि सांगितलं, उद्यापासून तिची चंदी ट्रेलरमध्येच. आठवडाभर ट्रेलर आवारात उघडा ठेवला. आधी फळीवर चारा, मग दारात, मग आत. नंतर संध्याकाळी, नंतर अंधारात टॉर्चच्या उजेडात, नंतर वारा सुटलेला असताना. आता ती चाळीस सेकंदांत चढते. तरी दर महिन्याला एकदा चढवतोच. ट्रेलर नसेल तर कुणाचा मिळेल हे आधी ठरवा, आणि ज्याने हो म्हटलंय त्याने आणखी चौघांना हो म्हटलेलं नाही ना, हेही विचारा.

६. घोडा, शक्यतो दुसऱ्या वर्षी

घर घेतलं की लगेच घोडा आणू नका. आधी वर्षभर एखाद्या तबेल्यात शिका, मग दुसऱ्याचा घोडा आठवड्यातले दोन-तीन दिवस भाड्याने घ्या. पहाटे साडेपाचला उठून वैरण टाकणं, खरारा करणं, खूर कोरणं हे पावसात आणि तापात जमतं का, ते त्यातून कळेल. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तुमची मुलगी कॉलेजला निघून जाईल, तो इथेच असेल.

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी येतो. चांगला नालबंद मिळणं हे चांगला दंतवैद्य मिळण्यापेक्षा कठीण, म्हणून घोडा यायच्या आधी त्याच्याकडे नंबर लावा. वर्षातून एकदा दात घासून घ्यायचे, धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाइल वगैरे लसी द्यायच्या. घोडा कळपातलं जनावर आहे, एकटा राहिला तर खंगतो किंवा कुंपण चावत बसतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी ठेवा, पण शेळीला नियम वेगळे, ते विचारून.

चाऱ्याबद्दल दोन गोष्टी. घोडा रोज आपल्या वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण खातो, म्हणजे साडेचारशे किलोच्या जनावराला सात ते नऊ किलो. इथे लसूणघास मुबलक मिळतो आणि घोड्यांना फार आवडतो, पण कॅलिफोर्नियात निव्वळ लसूणघासावर ठेवलेल्या घोड्यांच्या आतड्यात खडे होतात. त्यातलं मॅग्नेशियम त्याला हातभार लावतं. त्यात दुसरं सुकं गवत मिसळा. आणि वैरण जमिनीवर टाकू नका. इथली जमीन मुरमाड, घोडा चाऱ्याबरोबर वाळू खातो, ती पोटात साठते आणि पोटशूळ उठतो. खाली रबरी चटई टाकून वर टोपली ठेवा.

७. डोंगरातल्या वाटा

लेक पाउवेभोवतीची तीनेक मैलांची वाट सुरुवातीला पुरे. तिथूनच माउंट वूडसनवर चढता येतं. वर 'पोटॅटो चिप रॉक' नावाचा चकतीसारखा पातळ खडक आहे, त्यावर फोटो काढायला रांग लागते. आयर्न माउंटन २,६९६ फूट, पाउवे रोड आणि हायवे ६७ जिथे मिळतात तिथून सुरुवात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत चढायला लागा. दर मोसमात कुणालातरी हेलिकॉप्टरने खाली आणावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा अर्धा लिटर पाणी घेऊन निघालेला असतो.

घोडा समोरून आला तर वाट त्याची. पायी असाल तर बाजूला व्हा, शक्यतो उताराच्या बाजूला, आणि तोंडाने काहीतरी बोला. मराठीतही चालेल. घोड्याला हलणाऱ्या रंगीत सॅकपेक्षा बोलणारा माणूस बरा वाटतो. सायकलवाल्याने सगळ्यांनाच वाट द्यायची.

झाडाझुडपांत आपल्या ओळखीची मंडळी भेटतात. वाटेवरचा काटा सायकलच्या टायरमध्ये घुसला की नीट बघा, तो आपला देशावरचाच सराटा. कुसळं कुत्र्याच्या कानात आणि पंजात शिरतात, घरी आल्यावर तपासायची. 'पॉइझन ओक' मात्र नवीन. पळसासारखी तीन-तीन पानं, शरदात लालभडक. हा बिब्ब्याच्या कुळातला आहे, आणि बिबा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. साप म्हणजे रॅटलस्नेक, शेपटी खुळखुळवणारे विषारी साप, वसंतात जास्त दिसतात. आवाज आला की आधी थांबायचं, साप कुठे आहे ते बघायचं, मग मागे सरकायचं. घराच्या आवारात निघाला तर मारू नका. ह्यूमेन सोसायटी या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला फोन केला की येऊन घेऊन जातात.

८. किरकोळ, पण विचारलं जातं म्हणून

भारतीय किराणा आणि मिसळपावची तलफ यासाठी मिरामार आणि ब्लॅक माउंटन रोडचा परिसर, वीस मिनिटं. शनिवारी सकाळी ओल्ड पाउवे पार्कात शेतकरी बाजार भरतो. तिथे १९०७ सालचं बाल्डविन कंपनीचं वाफेचं इंजिन आहे, पाहुण्यांच्या पोरांना दाखवायला उत्तम.

मैत्रिणीच्या घरून कढीपत्त्याचं रोप गाडीत टाकून आणायचं नाही. कढीपत्ता लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाचा किडा पोसतो, आणि काउंटीच्या ज्या भागांत क्वारंटाइन आहे तिथून रोप हलवणं बेकायदा आहे. परवानाधारक रोपवाटिकेतून घ्या, महाग पडतं पण मिळतं. आंबा कुंडीत आधी वाढवा. डोंगरउतारावर हिवाळ्यातल्या रात्री थंडी खाली वाहत जाते, त्यामुळे प्लॉटच्या तळाला लावलेलं रोप गोठतं आणि मधल्या उतारावरचं जगतं.

आणि घर बदललं की ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता लगेच बदलून घ्या. लेक पाउवेला बाहेरच्यांना पार्किंगचे पैसे पडतात, रहिवाशांना नाही, आणि फाटकावरचा मुलगा पुरावा म्हणून लायसन्सच बघतो.